सातवी खुर्ची

तपकिरी पाकिटातून बोलावणं आलं.
नवऱ्याला वाटलं पार्किंगचा दंड.
"तू कोणाचा न्याय करणार?" म्हणाला,
आणि टोस्टला लोणी लावत राहिला.

मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजते.
अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस,
एकदा मोजून पुन्हा एकदा.
कायद्याशी नातं एवढंच,
की वडील बार्शीच्या कोर्टात बेलिफ होते.
व्हरांड्यात उभं राहून लोकांची नावं पुकारायचे,
तीन-तीन वेळा.
घरी येईतो आवाज संपलेला असायचा.

लिंकनचं कोर्ट किल्ल्याच्या आत.
रस्ता असा अंगावर येणारा
की त्याचं नावच 'उभा चढ' ठेवलंय.
रोज सकाळी धापा टाकत वर,
दगडी वेशीतून आत, पिशवी उघडून दाखवायची.
पहारेकऱ्याने डब्यातल्या थालीपिठाचा वास घेतला,
क्षणभर विचारात पडला,
मग म्हणाला, जा.

कारकुनाने चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसल्या.
निघोजकर हे नाव त्याच्या जिभेवरून
दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा टिकलं.
मी सातवी.

आपल्याकडे बारा म्हटलं की काही धड निघत नाही:
बारा वाजतात, बाराच्या भावात जातं,
लबाड माणूस तर बाराचाच असतो.
इथे बारा भरल्याशिवाय खटला हलत नाही.
एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आजोबा,
एक नखं रंगवणारी पोरगी,
एक बटाट्याच्या कारखान्यातून
रात्रपाळीचे डोळे घेऊन आलेला,
एक बाई, जिच्या विणायच्या सुया दारातच काढून घेतल्या
आणि आता जिची बोटं नुसतीच हलतात.
हुशार म्हणून कोणी आलेलं नाही.
मतदारयादीत नाव होतं, म्हणून.

शपथेला ग्रंथ कुठला, विचारलं.
म्हटलं, नको, नुसता शब्द देते.
हातात काहीच नव्हतं,
म्हणून असेल, तो जड लागला.

आरोपी कॅलम थ्रेडगोल्ड, वय बावीस.
आरोप: गव्हाच्या काडाची गंजी पेटवली.
दोन दिवस जळत होती.
साक्षीदाराने लाल जाकीट पाहिलं.
किती लांबून? तीनशे यार्ड.
उजेड होता? होता की, थोडा.
थ्रेडगोल्ड नखं खात होता,
माझा मुलगा खातो तशीच, उजव्या अंगठ्यापासून.
मी नजर काढून घेतली.
अंगठा हा काही पुरावा नव्हे.

न्यायाधीशबाई म्हणाल्या,
कायदा मी सांगेन, घडलं काय ते तुम्ही ठरवा.
त्याने काहीही सिद्ध करायचं नाही.
तुमची खात्री झाली तर दोषी.
नाही झाली, तर नाही.
'बहुतेक' चालणार नाही.

बहुतेक!
माझा अर्धा संसार त्या शब्दावर उभा आहे.
फक्त दुकानात, डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही
तर मी फोन करून विचारते.
इथे फोनही काढून घेतले होते.

मग दार लागलं.
बाहेर एकाला बसवलं,
त्यानेही शपथ घेतलेली, कोणाला आत सोडणार नाही.

आत काय झालं ते सांगता येत नाही.
आज नाही, म्हातारपणी नाही,
नवऱ्याला नाही, कवितेतही नाही.
एवढंच, की खिडकीतून कॅथेड्रल दिसत होतं
आणि थालीपीठ बारा जणांत पुरलं.

सव्वातीनला बाहेर आलो.
सर्वांचं एकमत झालंय का?
आजोबा उठले, गुडघ्यावर हात ठेवून. हो.
"दोषी नाही."
निर्दोष नव्हे हं. दोषी नाही.
या दोन शब्दांमध्ये एक अख्खी गंजी मावते.
मागच्या बाकावर, जिची ती होती
ती बाई कोटाची बटणं लावू लागली.
खालून एक चुकलं, तरी लावत राहिली.

का, ते कोणी विचारलं नाही.
न्यायाधीशबाईंनीसुद्धा नाही.
आयुष्यात पहिल्यांदा मी काही ठरवलं
आणि कारण द्यावं लागलं नाही.
झोप मात्र लागली नाही.

"मग? केलं होतं का त्याने?"
नवऱ्याने दिवा घालवून विचारलं.
म्हटलं, तो चढ चढताना काही वाटत नाही रे.
उतरताना गुडघे दुखतात.